डब्यात उरलेला चिंचोका

आमच्याकडं लेकरं मोजत नाहीत. बोट दाखवून एक, दोन, तीन असं म्हणत नाहीत, दृष्ट लागते. माझ्या सासूबाई तर कोंबडीची पिल्लंसुद्धा मोजू द्यायच्या नाहीत. तुम्ही हसाल, हसा. पण कांदा काढायला बाया शेतावर गेल्या की वस्तीवरची दहा लेकरं माझ्या अंगणात असतात, आणि अंगणामागं चाळीस पावलांवर ऊस. न मोजून कसं भागायचं? म्हणून मी चिंचोके काढले.

सकाळी आलेल्या लेकरानं पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. संध्याकाळी आपापला काढून घ्यायचा आणि मग घरी. डबा रिकामा तर अंगण रिकामं. दिवसभर त्याच चिंचोक्यांचा खेळ. तीन वाटीखाली झाकायचे, एक काढून दाखवायचा, आत किती राहिले विचारायचं. दोन मुठींतली जड कुठली, तेही विचारायचं. माझी चार वर्षांची नात मोबाइलवर ऐकून शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची, पण चार वाट्या आण म्हटलं की अख्खी चळत उचलून आणायची. हळूहळू चारच आणायला लागली. सून म्हणायची, "आत्या, चिंचोक्यांवर इंग्लिश मीडियमला घेत न्हाईत हां." मी म्हणायचे, नको घेऊ देत.

काढणीच्या एका आठवड्यात वस्तीवरचं कुत्रं गेलं. पाणी दिलेल्या वाफ्यात ठसे उमटले होते, माझ्या पंजाएवढे. वनखात्याची माणसं आली, उसाच्या कडेला पिंजरा लावून गेली. बिबट्यासाठी दार उघडं आणि आतल्या जाळीपलीकडं एक शेळी. ती दिवसभर ओरडायची. लेकरं खेळता खेळता थांबायची, कान द्यायची, पुन्हा खेळायची. तिकडं जायचं न्हाई म्हणून मी सगळ्यांना दम भरला होता.

एके दिवशी ऊन कलायच्या सुमाराला कालव्यावरून कुणीतरी हाळी दिली, की बिबट्या दिसला, उसात शिरलाय. बाया यायला अजून तासभर होता. मी लेकरं ओट्यावर गोळा केली आणि घाईघाईत, सासूबाईंनी जन्मभर नको म्हटलेलं तेच केलं. बोट दाखवून डोकी मोजली. दहा. जिवात जीव आला. सुनेला म्हटलं, चहा टाक.

नात डबा घेऊन चिंचोके वाटत बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, "आजी, एक उरलाय."

मी म्हटलं, "पुन्ना वाट. कुणाचा तरी ऱ्हायला आसंल."

"न्हाई. सगळ्यांना दिला. हिला न्हाई दिला, हिनं टाकलाच नव्हता."

तिनं दाखवलं ती शेजारी मंचरहून आलेल्या पावण्यांची मुलगी. दुपारी खेळायला आलेली, आणि मी तिला चिंचोका द्यायला विसरले होते. माझे दहा त्या पावणीला धरून झाले होते. आमच्यातलं एक कमी होतं. बांधापलीकडच्या घरातली तीन वर्षांची पोर, फारशी न बोलणारी. गप्प पोर दिसत नसली तरी ध्यानात येत नाही.

आणि तेव्हा कळलं, शेळीही ओरडायची थांबली होती.

लेकरांना आत घालून बाहेरून कडी लावली. सून ताट वाजवत पुढं, मी काठी घेऊन मागं. ती चाळीस पावलं मी कशी चालले सांगता येत नाही. पोर पिंजऱ्याच्या गजाला टेकून बसली होती. गजातून उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, आत सारत होती. मला वाटलं, चारा मिळाला म्हणून शेळी गप्प झाली. पण वाढ्यांचा ढीग तसाच होता. शेळीनं तोंडही लावलं नव्हतं. ती उसाकडं कान रोखून उभी होती. वारा नव्हता.

सुनेनं पोरीला उचललं. आम्ही उसाकडं पाठ न करता मागं मागं आलो. ताट वाजवायचं थांबवलं नाही.

तिची आई आल्यावर मी काही न लपवता सगळं सांगितलं. ती पोरीला कडेवर घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आली आणि चिंचोका डब्यात पडल्याचा आवाज ऐकूनच शेताकडं गेली. आता पावण्याच्या लेकरालाही आधी चिंचोका, मग खेळ.

बिबट्या अजून सापडलेला नाही. पिंजरा तिथंच आहे. परवा नातीनं सकाळी दोन चिंचोके टाकले. दुसरा कुणाचा विचारलं, तर म्हणाली, "शेळीचा. ती पण इथंच आसती ना दिवसभर?" मी तो डब्यातच राहू दिला.

तेव्हापासून संध्याकाळी लेकरं जातात आणि डब्यात एक उरतो. कुणाचा ते मला ठाऊक असतं. तरी मी दारात उभी राहते, शेळी ओरडेपर्यंत.