सुरी मी फिरवली नाही

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. मी हिशेबी माणूस. म्हसळ्याहून रिकाम्या हाताने बहरैनला आलो, दुसऱ्याची खोकी उचलली, आज इथल्या हूरा भागात कॅम्पिंग आणि शिकारीच्या सामानाचं स्वतःचं दुकान आहे. जे दिसत नाही त्याला मी किंमत देत नाही. तरी हे लिहितोय, कारण गेला हिवाळाभर लोक माझ्याबद्दल जे बोलतायत त्याने माझं डोकं फिरलंय.

बू हमद हे माझं जुनं बहरैनी गिऱ्हाईक. इथे मोकळ्या रानात शिकारीला बंदी, म्हणून तो परदेशात जाऊन धनुष्यबाणाने शिकार करतो. त्याची कायमची तक्रार — बाण लागलेलं जनावर पळतं आणि सापडत नाही. मी त्याच्यासाठी एक ट्रान्समीटर मागवला. बाणाच्या पात्यामागे बसवायचा. बाण लागला की तो जनावराच्या कातड्यात अडकून राहतो आणि हातातला रिसीव्हर दिशा दाखवत बीप करतो.

जनाबियाला बू हमदचं फार्म आहे. उंच भिंत, खजुरीची झाडं, लसूणघासाचा तुकडा, पाळलेली हरणं. त्याची आई ऑपरेशनमधून बरी झाली होती, म्हणून एक हरिण कापून शेजाऱ्यांना जेवण द्यायचं होतं. बू हमद म्हणाला, "यंत्राची परीक्षा त्याच्यावरच घेऊ."

म्हातारीला हे पटलं नाही. जुन्या बहरैनी लोकांसारखी तिला मोडकी हिंदी येते. मला म्हणाली, "घर का जानवर है. तीर से मरा तो हम नई खाएगा. जिंदा पकडो, अल्ला का नाम लेके काटो."

मी म्हटलं, "हज्जिया, इंशाल्ला जिंदाच मिलेगा." शब्द दिला मी.

शुक्रवार होता. राखणदार सुट्टीवर. फाटकाला आतून कुलूप, किल्ली बू हमदच्या खिशात. आत आम्ही चौघंच — तो, त्याची आई, मी आणि माझा मेहुणा सलीम. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाल्यावर बू हमदने बाण सोडला. नेम चुकला. बाण पोटाकडे लागला आणि हरिण खजुरींमध्ये शिरलं.

"यल्ला," म्हणून तो धावायला निघाला. मी दंड धरला. "आत्ता मागे लागलास तर ते पळत राहील. बसू दे त्याला."

"तोवर मेलं तर?"

"पोटाचा बाण इतक्यात मारत नाही. बस."

व्हरांड्यात बसून आम्ही गहवा, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो. चौघंही. एकजणही उठला नाही, हे लक्षात ठेवा. मग माग काढायला निघालो. सलीम प्रत्येक डागापाशी नारिंगी पट्टी बांधत होता. पडलेल्या झावळ्यांवर तपकिरी ठिपके. रक्त की खजुराचा चीक, हे कळावं म्हणून मी बाटलीतलं पेरॉक्साइड फवारायचो. फेस आला की रक्त.

"दुल्हाभाई, धुण्याचं दुकान काढा," सलीम म्हणाला. मी त्याला गप्प केलं. बीप वाढत होता.

भिंतीच्या कोपऱ्यात, बोरीच्या झाडाखाली हरिण होतं.

गळा कापलेला होता. एकाच वारात, सरळ, चोख. तोंड किब्ल्याकडे, नमाजेच्या दिशेला. हलाल करताना बांधतात तसे तीन पाय काथ्याच्या दोरीने बांधलेले, चौथा मोकळा. रक्तासाठी वाळूत खळगा केलेला आणि ते अजून गरम होतं. बाजूच्या दगडावर ट्रान्समीटर... पुसून ठेवलेला.

वाळूत हरणाचे खूर होते. माणसाचं पाऊल एकही नाही. मी वाकून वाकून बघितलं. बू हमद मात्र वाळूकडे बघतच नव्हता. माझ्या कमरेच्या सुरीकडे बघत होता. मी ती काढून त्याच्या तोंडासमोर धरली. कोरडी होती.

काठी टेकत म्हातारी आली. गळा बघून तिचा चेहरा खुलला. "अच्छा काटा. तुम काटा?"

मागून बू हमद पुटपुटला, "हो म्हण. खलास." सलीमने मला कोपर मारलं.

आता ऐका. दुकानात मी एका तंबूच्या चार 'शेवटच्या किमती' सांगतो. गिऱ्हाईकालाही ते माहीत असतं, तो खेळ आहे. पण एक म्हातारी विचारतेय, माझ्या ताटातल्या जिवावर देवाचं नाव कोणी घेतलं... तिथे मी हो म्हणू?

"नहीं हज्जिया. मैंने नहीं काटा."

तिने एकेकाकडे बघितलं. "तो किसका नाम लिया, किसको मालूम," ती म्हणाली आणि वळली. हरिण आम्ही तिथेच पुरलं. शेजाऱ्यांसाठी हॉटेलातून मछबूस, म्हणजे इथला मांस-भात, मागवला.

तेव्हापासून बू हमद मित्रांच्या मजलिसमध्ये सांगतो की यंत्र खपवायला मी भिंतीवरून माणूस उतरवला. त्याला विचारा, उडणारा माणूस हूऱ्यात कुठे मिळतो? सलीमचं वेगळंच. "दुल्हाभाई, एक हो म्हणाला असता तर जीभ झडली असती काय?" बायकोही त्याचीच री ओढते. मी खोटं बोललो नाही, म्हणून मीच गुन्हेगार.

तुमच्यातले काही आता जिन, पीर, काय काय सांगतील. सांगा. मला पटणार नाही आणि दुसरं काही उत्तर माझ्याकडेही नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून झालाय. पण माझा खरा राग बू हमदवरही नाही. ज्याने ते केलं त्याच्यावर आहे. काम चोख केलं, मान्य. जनावराचे हाल थांबवले, तेही मान्य. मग म्हातारी विचारत होती तेव्हा पुढे यायचं होतं ना. कोणाचं नाव घेतलं, एवढंच तर सांगायचं होतं.