अंडाशयाचा धडा

मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. एक निस्तरेपर्यंत दुसरा दारात उभा! इंग्रज जायच्या आधीची काही वर्षं मी बेळगावात शिकवत होते. अख्ख्या पुस्तकानं दिला नाही इतका ताप मला एका धड्यानं दिला. धडा अंडाशयाचा. आधी फुलातलं, मग प्राण्यांचं.

* * *

मी जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढून तक्ता टांगला. दुसऱ्या दिवशी बघते तर खालच्या अर्ध्या भागावर कोरा कागद डकवलेला. हेडमास्तर म्हणाले, "पाकळ्या पुरेत, बाई. मुलींना झाडाच्या भानगडी कशाला?"

तोवर त्या तक्त्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता मधल्या सुट्टीत कागद उचलून बघायला रांग! परकरातल्या पहिलीच्या पोरीसुद्धा.

* * *

मग म्हटलं, खरं फूलच चिरून दाखवू. जवळच्या बेळगुंदी गावच्या, शाळेत राहणाऱ्या मुली रविवारी घरी जायच्या. त्यांना बजावलं, भोपळ्याची मादी फुलं आणा, खाली बारका भोपळा असतो ती. सोमवारी टोपलीभर फुलं आली. सगळी नर! मी कपाळाला हात लावला.

"आई म्हणली, भोपळा धरणारं फूल कोण तोडंल? ही न्हे म्हणली. भजी लई चांगली हुत्यात."

त्या दिवशी शाळेच्या अंगणात भजी तळली. अंडाशय राहिलं ते राहिलंच.

* * *

कोंबडीच्या पोटात न घातलेल्या अंड्यांचा घोस असतो, मोठ्या अंड्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. आमच्या शिपायाला, आप्पांना, कोंबडी आणायला सांगितली. शाळा सुटल्यावर मुलींना घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, तर चुलीवर रस्सा उकळत होता.

"आतली अंडी कुठायत?"

"पोरास्नी वाढली," आप्पांची बायको म्हणाली. "तीच तर चवीची असत्यात."

"अहो, मला ती मुलींना दाखवायची होती!"

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय? आता रस्सा तरी खावा."

मुलींनी खाल्ला. ज्यांच्या घरी कोंबडी शिजत नाही, त्या मुलींनीही खाल्ला. सकाळी पालक हजर.

हेडमास्तरांनी निकाल देऊन टाकला, "प्राण्यांचा धडा गाळा. आणखी एक तक्रार आली की शास्त्राचा वर्गच बंद. मुली भरतकाम करतील." मी त्या दिवशी खूप चिडले. वडगावच्या विणकराची चंद्रा नर्स व्हायचं म्हणत होती. शास्त्राशिवाय तिला कोण घेणार?

* * *

आठवडा गेला असेल. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. समोर चंद्राचे वडील, टोपी हातात धरून उभे.

"घ्या बाई, आली तक्रार," हेडमास्तर म्हणाले. चांगले खुशीत होते.

"तक्रारच हाय, साहेब," चंद्राचे वडील म्हणाले. "चंद्राच्या आईच्या पोटात गाठ हाय. डाक्टरीण म्हणली, अंडाशयात हाय, आपरेशन करून काढाया पायजे. ते काय असतंय, काढल्यावर माणूस जगतंय का, आमाला काय बी ठावं न्हाय. बायको भ्यालीया, न्हाय म्हणतीया. पोरीला म्हणलं, एवढी शिकतीस, आईला नीट सांग की गं. तर ती रडायला लागली. म्हणली, तेवढाच धडा साळंनं गाळलाय."

हेडमास्तर टेबलावरचा रूळ उगाच सरळ करत राहिले.

"बाई, आज शिकिवता का? म्या मागं बसतो."

मी हेडमास्तरांकडे बघितलं. ते उठले, स्वतःची खुर्ची उचलली आणि माझ्या वर्गात नेऊन मागच्या बाकाशेजारी ठेवली.