माझ्या कोडने धरणात रस्ता बांधला!

मंडळी, सकाळपासूनची धास्ती आत्ता कुठे गेली. म्हणून लिहितेय.

मी सिल्वासात इंजिनिअरिंग शिकते आणि सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या एका नकाशा सॉफ्टवेअरसाठी कोड लिहिते. नकाशात तुटलेले दिसणारे रस्ते आपोआप जोडायचे, हा माझा प्रोजेक्ट. आज त्याची शेवटची तपासणी होती.

त्याआधी मोठ्या हौसेने मैत्रिणीला, रोशनीला, नकाशात तिचंच धरणाकाठचं दुधनी गाव उघडून दाखवलं. ती खो खो हसत सुटली. "अगं, आमची बस काय आता पाण्यातून नेणार तू?"

धरणात बुडालेल्या जुन्या रस्त्याची दोन टोकं माझ्या कोडने सरळ पाण्यावरून जोडली होती!

तपासणीच्या मीटिंगमध्ये घाबरत घाबरत माझ्या मेंटॉर सरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं झालं, आत्ताच सापडलं. अजून चाचणीच चालू आहे. दुरुस्त कर, पास आहेस." हुश्श!

मी ती रेघ पुसायला बसले, तर रोशनी म्हणाली, "पुसू नको हां. तिथून आमची होडी जाते."

आता कोडला नियम घातलाय: मध्ये पाणी आलं, तर आधी गावातल्या माणसाला विचार.

तुमच्या गावात त्याने कुणाला विचारावं?