डोकं आपटलेल्यांची मंगळवारची बॅच

फिजिओथेरपीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पेशंटच्या चपलांबरोबर दारातच येऊन पडतात. त्यातही बंगळुरात बनशंकरीतल्या आमच्या क्लिनिकची मंगळवारची बॅच म्हणजे कहर! यातल्या प्रत्येकाचं डोकं कुठे ना कुठे आपटलेलं. मार किरकोळ, स्कॅन स्वच्छ, पण महिने उलटले तरी चक्कर, डोकेदुखी, उजेड सहन न होणं चालूच. घरच्यांनी "रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" असं विचारलं, की यांचं दुखणं तिथल्या तिथे वाढतं.

*

निखिल पुण्याचा, आयटीतला. स्वतःच्याच ऑफिसच्या काचेच्या दारावर आपटला. मी त्याला सांगितलं, स्क्रीन थोडा थोडा वेळच बघायचा, डोकं दुखायच्या आधीच ब्रेक घ्यायचा. पठ्ठ्याने लॅपटॉपवर डोकेदुखीचा ग्राफ बनवला, तोही रंगीत. पुढच्या मंगळवारी तोंड पाडून आला.

"मॅडम, ग्राफ सारखा वर चाललाय."

"कशाने?"

"ग्राफ बघून."

*

देशपांडे काका रिटायर्ड बँकवाले, बाथरूममध्ये घसरलेले. त्यांना नजर स्थिर करायचा व्यायाम दिला होता. अंगठा डोळ्यांसमोर उभा धरायचा, नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही आणि मान मात्र डावीउजवीकडे हलवत राहायची.

काका शिस्तीचे. व्यायामाची वेळ झाली तेव्हा सोसायटीची मीटिंग रंगात आली होती. गच्चीवर लाऊडस्पीकर लावून भजन करायचं की नाही, यावर मतदान चाललेलं. काकांनी अंगठा वर केला आणि मान हलवायला लागले. सेक्रेटरी बराच वेळ बघत राहिले. अंगठा हो म्हणतोय, मान नाही म्हणतेय. शेवटी त्यांनी काकांना तटस्थ धरलं. काकूंचं म्हणणं, अख्ख्या संसारात यांचं हेच चाललंय.

*

आणि सुमाअक्का. माहेर निपाणीचं, चिकपेटेत साड्यांचं दुकान. नवरा गेल्यावर तिनेच ते वाढवलं. एका सकाळी अर्धवट उघडलेलं शटर कपाळावर बसलं आणि तेव्हापासून साडीचे काठ बघितले की तिला गरगरायला लागलं. साडीवालीलाच साडी बघवेना! गादीवर धाकटा दीर येऊन बसला. "वहिनी, तुम्ही आता आराम करा," हे तो इतक्या गोड आवाजात म्हणायचा की अक्काची चक्कर वाढायची.

अशा पेशंटना आम्ही नक्षीच्या तक्त्यांसमोर चालवून हळूहळू सवय लावतो. आमचे काळे-पांढरे पट्टे बघून अक्काने नाक मुरडलं. "असलं दुकानात टांगलं तर गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही बघा, मॅडम."

पुढच्या मंगळवारी तिने बोचकंच आणलं. दोरीवर आधी प्लेन साडी, मग बारीक चौकडा, मग इरकल, शेवटी भरजरी. देशपांडे काका चौकड्यावरच अडकले, निखिल इरकलपाशी खाली बसला आणि जरीपाशी मलाही भिंत धरावी लागली. अक्का मात्र दर आठवड्याला एक साडी पुढे सरकत होती. मला आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची. कारण दिराने बजावून ठेवलं होतं की लग्नसराईतली एक दुपार गादीवर बसून दाखवा, नाहीतर यापुढे दुकान मीच बघणार.

*

त्या दुपारी मी गिऱ्हाईक बनून कोपऱ्यात बसले. अक्का गादीवर, दीर शिडीपाशी, आणि समोर लग्नाच्या खरेदीला आलेल्या मायलेकी, मावशीसकट. काही म्हणता काही पसंत पडेना. जरी, काठ, बुट्टे, वर ट्यूबलाइटचा उजेड. मी मनात देव आठवत होते.

पण अक्काने खाशी युक्ती काढली होती. दोन-तीन साड्या झाल्या की ती "स्वल्प कॉफी घ्या की," म्हणून मायलेकींना थांबवायची आणि स्वतः गादीच्या पांढऱ्या चादरीकडे बघत शांत बसायची. मी शिकवलेला ब्रेक तो हाच. मावशीला वाटत होतं, केवढं अगत्य! कॉफी संपली की अक्का पुन्हा ताजीतवानी.

"भावजी, ती वरची मोरपंखी काढा. ती नव्हं, तिच्या खालची."

दीर शिडी चढत होता, उतरत होता, साड्या उलगडत होता, घड्या घालत होता. त्याला कॉफी कोणीच विचारली नाही.

संध्याकाळी मायलेकींनी सगळ्यात आधी दाखवलेलीच साडी घेतली. दीर शिडीला धरून मटकन खाली बसला. म्हणाला, सगळं दुकान फिरतंय.

अक्काने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"भावजी, अंगठा समोर धरा. नजर हलवू नका," ती म्हणाली. मग पाठीमागची उशी त्याच्याकडे सरकवत, अगदी त्याच्याच गोड आवाजात, "तुम्ही आता आराम करा."

आणि पायरीवर उभ्या असलेल्या बाईला आत बोलावत तिने नवी साडी उलगडली. "बन्नी अक्का, बन्नी."