आळस जावा म्हणून धरलेले गुरुवार

देवाकडे काय मागावं याची अक्कल मला साठीनंतर आली. त्याआधी मुलाचा आळस जावा म्हणून मी गुरुवार धरले होते! उपास माझा, म्हणजे ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू. आणि आळशी कोण, तर दिनू. नातीला हे सांगितलं की ती लोळून हसते.

दिनू माझा धाकटा. कंपनीत फिटर होता. स्किझोफ्रेनिया झाला, कानात माणसं बोलू लागली. गोळ्यांनी ती माणसं गेली, पण दिनूच्या हातून काही सुरूच होईना. अंघोळीचं पाणी निवून जाई, हा बादलीकडे बघत बसलेला. वडगावच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, या आजारात कपाळामागचा मेंदू मंदावतो. आधी काय, मग काय, हे जुळवता येत नाही. मी शहाणीसारखी मान हलवली आणि कुसगावला घरी पोचेपर्यंत विसरले. मला कामावरून येताच पातेल्यांवरची झाकणं उघडणारा, "आये, काय केलंयस?" विचारणारा दिनू हवा होता. अजूनही संध्याकाळी भाजीवर झाकण ठेवताना माझा हात थबकतो.

एका गुरुवारी त्याला शिरगावला साईंच्या दर्शनाला नेलं. प्रसादाच्या पंगतीत सगळ्यांची ताटं रिकामी होत आली, याचं तसंच भरलेलं. मी करवादले, "देवाच्या दारात तरी हात हलव की रं!"

वाढणारी बाई वरणाची बादली खाली ठेवून त्याच्यापुढे उकिडवी बसली. "भाऊ, भात फोडा." त्यानं फोडला. तिनं वरण घातलं. "आता कालवा." कालवला. "घ्या घास." आणि दिनू जेवला. ती पुढच्या पानाकडे गेलीसुद्धा. नाव विचारायचं राहिलंच. डॉक्टरांचं बोलणं मला खरं तर त्या पंगतीत ऐकू आलं. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी मूर्तीपुढं जाऊन हात जोडले, "बाबा, मागणं मागं घेते. आहे तो दिनू माझा. त्याच्याशी बोलायचं कसं, तेवढं शिकव."

घरी एकेक सांगू लागले. बादली उचल. तांब्या घे. बऱ्याचदा जमतं, कधी नाही. पूर्वीचा दिनू आला नाही, त्याची ओढही गेली नाही. पण बाबांनी दिलं ते कमी कसं म्हणू? जीभ मात्र माझी जुनीच. परवा घाईत सुटलेच, "दळण टाक, येताना कोथिंबीर आण, आन् दूधवाल्याला निरोप दे..."

दिनू दारात थांबला. कित्येक दिवसांनी गालात हसला आणि म्हणाला, "आये, एकेक सांग की. मी कुटं पळून चाललोय?"