खुर्चीत बसून ऐकलेला सायरन

माझा धाकटा दीर शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये गॅसच्या लाइनवर काम करतो, आणि मी ज्या सरकारी ऑफिसात स्टेनो आहे, ते ऑफिस असल्याच कारखान्यांची सुरक्षा तपासतं. पण घरी आम्ही एकमेकांना कामाचं काही सांगत नव्हतो. जेवताना बोलणं म्हणजे भाजीत मीठ कमी आहे आणि पोट्टे अभ्यास करून राहिले का, एवढंच. त्यामुळे ही गोष्ट कितीतरी दिवस कोणाच्या ध्यानातच आली नाही.

एका संध्याकाळी दीर डोकं धरून घरी आला आणि दारातच ओकला. मला वाटलं, बाहेर काहीबाही खाल्लं असेल. तर म्हणे लाइनवर गॅस सुटला होता, सोबतचा एक जण भोवळ येऊन पडला, त्याला उचलून बाहेर आणावं लागलं.

"मंग सायरन नाही वाजला?" मी विचारलं.

"वहिनी, तो सायरन मी कामाले लागलो तेव्हापासून मुका आहे. त्या गॅसले वास नसते. मानूस पडला का समजते, सुटला म्हनून." हे सांगताना तो चक्क हसला.

मी पाणी आणायला उठले होते, ती तशीच उभी राहिले. कारण त्याच आठवड्यात मी त्याच प्लांटचा तपासणी अहवाल टाइप केला होता. सायरन चालवून पाहिला, व्यवस्थित वाजतो. साहेबांनी सांगितलं, मी उतरवलं. आम्हा स्टेनो लोकांचं असंच असतं हो, बोटं ऐकतात, डोकं ऐकत नाही. आता मात्र मला धडाधडा आठवायला लागलं. त्या दिवशी साहेब सिलतऱ्याला गेलेच नव्हते. सकाळपासून ऑफिसात होते, दुपारी माझ्यासमोर डबा खाल्ला, वर बडीशेप चावत चावत अहवाल सांगितला. 'मी प्रत्यक्ष जाऊन पाहिले' म्हणे! अव माय! आणि मग असा संताप आला की त्या रात्री मी नवऱ्यावर, पोरांवर, दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

अशा तक्रारी ऐकायला एक स्वतंत्र संस्था आहे. सरकारी खात्यांवर लक्ष ठेवायचं, हेच तिचं काम. तिचं पोस्टर आमच्याच वॉटर कूलरच्या वर लावलेलं आहे: निडर होऊन कळवा, नाव गुप्त राहील. बिननावाची तक्रार मात्र ते घेत नाहीत. म्हणून मी नाव लिहिलं, नोटरीकडे जाऊन शपथपत्र केलं आणि पाठवून दिलं. एकच मागणं होतं. कोणीतरी त्या प्लांटमध्ये जाऊन सायरनचं बटण दाबून पाहा, बस. दिराला तिथे रोज उभं राहावं लागतं, हेही लिहिलं.

नवरा रेल्वेत आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "काहून नसत्या भानगडीत पडून राहिली? साहेबाचं काही नाही होत. तुहीच बदली होईन, थेट बस्तरात."

"नाव गुप्त ठेवतात," मी म्हटलं.

"हव," तो म्हणाला आणि त्याने मोबाइलमध्ये तोंड घातलं.

मधे बरेच दिवस गेले. मग एक दिवस ऑफिसात धावपळ सुरू झाली, चौकशी अधिकारी येणार म्हणून. मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, पांढऱ्या केसांचे, शांत चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांना पाहून मला बरं वाटलं. पण ते उतरले आमच्याच साहेबांनी पाठवलेल्या गाडीतून. मी मनाची समजूत घातली, असेल बाई, त्यांच्याकडे गाडी नसेल. ते बसले साहेबांच्याच केबिनमध्ये. तेही मी गिळलं, बसायला कुठेतरी जागा हवीच ना. मग बेल वाजली आणि मला आत बोलावलं. त्यांच्याकडे स्टेनो नव्हती. माझ्या तक्रारीची चौकशी आता मीच उतरवायची होती!

खोटं कशाला बोलू, आतून मला आनंदच झाला होता. म्हटलं, चला, आपल्या कानांनी ऐकायला मिळेल. टेबलावर समोसे होते, चहा होता. चौकशी अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहून मायेने मान हलवली.

"पहले निष्कर्ष लिख लो, बेटी. बाकी का खाने के बाद देखेंगे."

निष्कर्ष आधी? मला वाटलं, म्हातारे आहेत, चुकून बोलले असतील. पण ते सांगायला लागले. तक्रार निराधार आढळली. मी आज स्वतः प्लांटला भेट दिली. सायरन वाजवून पाहिला. आवाज लांबपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

माझी बोटं थांबली. तोंडातून निघूनच गेलं, "सर, आप प्लांट कब गए?"

ते मनापासून हसले. "इस गर्मी में, बेटी?" आणि त्यांनी समोसा उचलला.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब चहा ओतत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. चोरी पकडल्यावर माणूस निदान दचकतो, नजर चुकवतो. हे तर लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे निवांत! साहेब खोटे आहेत हे मला ठाऊकच होतं. पण त्यांच्यावर लक्ष ठेवायला जो आला, तोही खुर्चीतूनच सायरन ऐकत होता. मग आता जायचं कुठे? 

शेवटची ओळ त्यांनी सांगितली. तक्रारदार उपस्थित आहे. तिला काही म्हणायचे नाही.

केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली, तशी साहेबांनी ती माझ्याकडे वळवली आणि स्वतःचं पेन माझ्यासमोर धरलं. "साइन कर दीजिए, मॅडम. शिकायत आप ही की तो है."

काय सांगू तुम्हाला! नाव गुप्त राहील म्हणे! म्हणजे साहेबांना पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असूनच त्यांनी मला टाइप करायला बसवलं होतं. रोज सकाळी मी 'गुड मॉर्निंग, सर' म्हणत होते आणि ते हसून मान हलवत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की जणू गुन्हा मीच केला होता.

साहेब आवाज बारीक करून म्हणाले, "आपके देवर उधर गैस लाइन पे हैं ना? उनकी ड्यूटी गेट पे लगवा देते हैं. सेफ रहेंगे."

"मतलब आपको पता है, उधर सेफ नहीं है!" मी ओरडलेच.

 चौकशी अधिकाऱ्यांनी शर्टावरचे तुकडे झटकले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "ये मत लिखना, बेटी."

मी "उद्या सांगते" एवढंच म्हटलं आणि बाहेर आले. घरी जाताना तेलीबांध्याच्या तलावाजवळ गाडी थांबवून बराच वेळ नुसती बसले. खरं सांगते, मला मोह झाला होता. गेट मोकळ्यावर आहे, तिथवर गॅस येत नाही. एक सही केली तर दीर वाचत होता. आणि मला तेच तर हवं होतं.

जेवताना मी सगळं सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "मंग कर ना सही! आनखी काय पाह्यजे? भाऊ वाचते ना आपला."

दीर खाली मान घालून जेवत होता. आपल्या जिवाची गोष्ट चालली आहे आणि हा काहीच बोलत नाही, म्हणून मला चीड आली. "भाऊजी, तुमी तर काही बोला!"

"माह्या जागेवर आता कोन येईन?" तो म्हणाला. "बीरगांवचा एखादा नवा पोट्टा टाकतीन. त्याची वहिनी कोन्या ऑफिसात आहे, वहिनी?"

  दिराने भात मागितला, मी वाढला.

दुसऱ्या दिवशी दोघं केबिनमध्ये माझी वाटच पाहत होते. मी आधी माझ्या टेबलाशी बसले. 'काही म्हणायचे नाही' ही ओळ खोडली आणि तिच्या जागी आदल्या दिवशी तिथे जे जे बोललं गेलं होतं, ते सगळं टाइप केलं. उन्हाची सबब, गेटची ड्यूटी, आणि 'ये मत लिखना' हेसुद्धा. टायपिंगची चूक एकही होऊ दिली नाही. खाली ठसठशीत सही केली आणि कागद चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात नेऊन दिला.

त्यांनी चष्मा लावला. सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील, निदान लाजतील तरी. त्यांनी कागदाची घडी केली, चहाच्या बशीखाली सरकवली आणि माझ्याकडे न बघता साहेबांना विचारलं, "दूसरी स्टेनो नहीं है क्या?"

साहेबांनी बेल दाबली. ती मात्र बरी वाजली!