एकदा वाजला की सगळं ठीक

माझा फोन रोज सकाळी आठच्या सुमारास एकदाच वाजायचा आणि बंद व्हायचा. तो उचलायचा नाही, असा नियम होता. नियम माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा. ती भातकुलीजवळच्या एका खेड्यात झेंडू आणि शेवंती लावते आणि पहाटेच्या गाडीने फुलं अमरावतीच्या बाजारात नेते. मी अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकुनी केली आणि तिथंच एका खोलीत आयुष्य काढलं. माझं लग्न झालं नाही. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. विचारपूस करायला मला ती आणि तिला मी, एवढाच आमचा पसारा.

फुलांचा हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपला की ती मला मिस कॉल द्यायची. एक रिंग वाजवून तोडला, तर सगळं ठीक. मी उलट एक रिंग द्यायचो, म्हणजे मीही ठीक. तोडला नाही, वाजतच राहिला, तर काम आहे असं समजून मी फोन करायचा, कारण पगारवाला मी होतो. उचलला की पैसे कापले जात, म्हणून उचलणं हा आमच्यात गुन्हा होता. तिला वाचता येत नाही. फोनवरचं दोन नंबरचं बटण दाबून धरलं की मी, एवढं तिला शिकवून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं आम्ही त्या एका रिंगवर काढली आणि मला कधी काही कमी पडलं नाही.

दोघांची सिम कार्डं सरकारी खात्याची होती. मग टेलिफोनचा बाजार सगळ्यांना मोकळा झाला आणि अकोल्याच्या चौकाचौकात रंगीत छत्र्या उभ्या राहिल्या. छत्रीखाली एक टेबल, टेबलावर फुकट कार्डं. आज एका कंपनीने दर उतरवला की उद्या दुसरी त्याच्याही खाली. जिनिंगमधल्या एकेकाच्या खिशात तीन-तीन कार्डं आली आणि कोणाला कोणत्या नंबरवर गाठायचं ते त्याच्या बायकोलाही सांगता येईना. मी जागचा हललो नाही. लोक मला चिकट म्हणाले. म्हणोत. नंबर बदलला तर बहिणीच्या दोन नंबरच्या बटणाचं काय, ही माझी सबब होती. पुढे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि माझी सबब संपली. सरकारी रेंजही तेव्हा रुसल्यासारखी यायची-जायची. दसऱ्याच्या जरा आधी मी एका छत्रीखाली जाऊन बसलो आणि कंपनी बदलली.

कार्डासोबत महिनाभर कॉलर ट्यून फुकट होती. फोन करणाऱ्याला रिंगच्या ऐवजी गाणं ऐकू येतं, असं टेबलवाल्याने समजावलं. मला फोन करणारं माणूस जगात एकच होतं. लहानपणी बाप आम्हाला मोझरीला भजनाला न्यायचा, तेव्हा बहीण घरी आल्यावर ताटली बडवत महिनाभर तीच भजनं म्हणायची. मी यादीतून खंजिरीवरचं एक भजन निवडलं. आयुष्यात तिला लुगड्याशिवाय दुसरं काही मी दिलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मी फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता रिंग आली, नेहमीपेक्षा आखूड. ऐकलं असेल, मी म्हटलं. नंतरही रोज तशीच आखूड रिंग येत राहिली. भजन आवडलं का, हे विचारावंसं वाटायचं, पण त्यासाठी फोन करणं मला उधळपट्टी वाटायची. दसरा झाला. त्यानंतर एका दिवशी पाठोपाठ तीनदा फोन आला, तीनही वेळा जेमतेम वाजून तुटला. भजन ऐकायसाठी पुन्हा पुन्हा लावून राहिली, असं मला वाटलं आणि मी खोलीत एकटाच हसलो. उलट एक रिंग दिली. असं पाच दिवस चाललं. मग तिची रिंग बंद झाली. मी लावला तर फोन बंद. तिच्याकडे लाइट जातात, चार्जिंग नसतं, हे नेहमीचंच. वर दिवाळीच्या फुलांची घाई. भाऊबीजेला जायचंच होतं, म्हणून मी सोडून दिलं. आता लिहिताना सुद्धा त्या सोडून देण्याची मला लाज वाटते.

भाऊबीजेला मूर्तिजापूरवरून अमरावती आणि तिथून भातकुलीची गाडी, असा दुपारी पोहोचलो. चूल शेजारीण पेटवत होती. बहीण बाजेवर बसली होती आणि मला पाहून उठली नाही. ओवाळलंही तिने बसूनच.

“काय झालं वं बाई?”

“पिशवीचं आपरेशन झालं. अमरावतीले.”

“मले काहून नाई सांगितलं?”

तिने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “पाच दिवस सांगून राहिली होती ना. डाक्टर म्हणे, घरचं कोणी आणा, सही लागते. मी बटण दाबो, वाजू देऊ म्हणो. तू लगेच उचले आन् गाणं लावून दे. एक शब्द नाई बोले. फुकट पैसे जातीन म्हणून मीच तोडो.”

सही शेजारणीने केली होती. नात्याच्या जागी तिने काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.

मी काही समजावण्याऐवजी तिचा फोन घेतला, दोन नंबरचं बटण दाबलं आणि तिच्या कानाशी धरला. माझा फोन माझ्या खिशात वाजू लागला. मग मी तिचा फोन स्वतःच्या कानाला लावला. निवडल्यापासून ते भजन मी पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण ज्याचा फोन असतो त्याला ते कधी ऐकू येतच नाही. गाणारा जरा नाकात गात होता. खिशातला फोन मी न उचलता वाजत होता, हे तिला दिसत होतं.

“म्हंजे तू उचलला नव्हता?”

“नाई.”

“मंग हे गाणं?”

“तुयासाठी लावलं होतं. तुले आवडते म्हणून.”

तिने पुन्हा फोन कानाला लावून ते भजन शेवटपर्यंत ऐकलं. “मोझरीचं हाय,” ती म्हणाली. “मंग मी उगाच रुसली.” मला हलकं वाटलं. शेजारीण हसली, मीही हसलो. जेवणं झाली. निघताना मी तिच्या पाया पडलो तेव्हा ती म्हणाली, “एक बरं झालं पण. मले समजलं, का माह्यानं एकटीनं होते.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी काळजी करू नये म्हणून ती सांगत होती. मी भातकुलीपासून अकोल्यापर्यंत तेच वाक्य घेऊन बसलो.

अकोल्यात उतरल्यावर पहिलं काम म्हणजे ती ट्यून काढून टाकली. पण सकाळची रिंग काही परत आली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, तू फोन करतच असतो, मंग कायले. ते खरंच होतं. त्या भाऊबीजेपासून मीच रोज फोन करू लागलो होतो. पुढे चढाओढीत कंपन्यांनी बोलणं जवळजवळ फुकट करून टाकलं. निम्म्या कंपन्या त्यात बुडाल्या, चौकातल्या छत्र्याही गेल्या. आता मी तिच्याशी दिवसभर बोलू शकतो. ती उचलते. जेवली का, हाव. तू जेवला का, हाव. पाऊसपाणी, भाव, गुडघे. मिनिटभरात आमचं बोलणं संपतं आणि फोन कोणी ठेवायचा म्हणून आम्ही दोघं थांबून राहतो. एका रिंगमध्ये मला तिचा अख्खा दिवस कळायचा, तो आता तिला विचारूनही कळत नाही.

मी रिटायर झालो. मला आपणहून येणारे फोन आता फक्त कंपन्यांचे, नंबर तोच ठेवून आमच्याकडे या म्हणणारे. पोरी गोड बोलतात. मी त्यांना दोन-चार प्रश्न जास्तच विचारतो.

मागच्या महिन्यात एके सकाळी आठच्या सुमारास फोन वाजला. बहिणीचा होता. एक रिंग झाली, दुसरी झाली, तुटला नाही. माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. वाजतच राहिला, म्हणजे काम आहे. इतक्या वर्षांनी तिचं माझ्याकडे काम निघालं होतं. मी तो पूर्ण वाजू दिला. तो वाजत असतानाच मी पँट चढवली, पाकीट घेतलं, पायात चपला सरकवल्या, साडेआठची गाडी मिळेल का याचा हिशेब केला. लाज वाटावी इतका आनंद मला झाला होता. फोन थांबल्यावर मी लावला. मागे फुलबाजाराचा गलका ऐकू येत होता.

“काय झालं बाई? मी निघूनच राहिलो.”

“कुठी?” ती म्हणाली. “काई नाई झालं. फोन थैलीत होता, फुलाच्या भारानं बटण दबलं असन. तुले नव्हता लावला. चा घेतला का?”

“हाव,” मी म्हटलं. मग चपला काढल्या आणि चहा ठेवला.